मूळ चाल कुठे आहे?

निकालपत्रावर सगळ्यात वर गाण्याचं नाव असतं. मग ते कोणत्या व्हिडिओ गेममधल्या कोणत्या चालीवर बेतलं आहे त्याची नोंद, आणि त्याखाली मिनिटं-सेकंदांची उतरंड. बाराव्या सेकंदापासून पंचेचाळिसाव्या सेकंदापर्यंत मूळ चालीचा पहिला भाग, बासरीवर. तिथून सव्वा मिनिटापर्यंत बेसमध्ये मूळचाच ठेका, वर नवी सुरावट. पुढची वीस सेकंदं पूर्णपणे नवी, मोजणीत धरलेली नाहीत. अशी बेरीज होत जाते, बेरजेला एकूण लांबीने भागून टक्केवारी निघते आणि त्यानंतर परीक्षकाचं म्हणणं येतं. ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाजतायत. दुसऱ्या कडव्यात पियानो आणि गिटार एकाच पट्टीत भांडतायत. शेवट घाईने उरकलाय. तळाशी एक शब्द: होय, किंवा नाही.

हे लिहिणाऱ्याला मानधन नसतं. ज्याचं गाणं त्याने तपासलं त्यालाही मोबदला नसतो, कारण मूळ चाल निन्टेंडो, कॅपकॉम, कोनामी, स्क्वेअर एनिक्स अशा एखाद्या कंपनीच्या मालकीची असते आणि नवं गाणं कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. पैसा नाही, बक्षीस नाही. तरीही चार मिनिटांच्या एका गाण्यापाशी तीनचार माणसं आपापली बसून सेकंद मोजतात, एकमेकांचं म्हणणं खोडतात, नाकारलेल्या माणसाला पानभर लिहितात. या मंडळींनी केलेली पुष्कळ गाणी मला प्रिय आहेत. पण त्यांची निकालपत्रं मला त्या गाण्यांहूनही मोलाची वाटतात, आणि ती का, ते सांगण्यासाठी हा लेख.

अमेरिकेत डेव्हिड लॉइड नावाच्या तरुणाने डिसेंबर १९९९मध्ये ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हे संकेतस्थळ सुरू केलं. जुन्या गेम कन्सोलची हुबेहूब नक्कल संगणकावर करणारे एम्युलेटर तेव्हा नुकते लोकप्रिय झाले होते. लॉइड त्यांच्याविषयी एक विनोदी चित्रमालिका काढायचा, आणि हा उपक्रम तिला जोडून आला. जुन्या खेळांतल्या चालींवर चाहत्यांनी नव्याने बांधलेली गाणी एका जागी जमवायची, एवढाच हेतू. सुरुवातीला निवड तो स्वतःच करायचा. आवक वाढली तेव्हा परीक्षकांचं मंडळ आलं, बहुतेक सगळे स्वतः अशी गाणी बांधणारे. आज स्वीकारलेल्या गाण्यांचा आकडा ४,०००च्या पुढे गेला आहे. येणाऱ्या गाण्यांची पहिली छाननी वर्षानुवर्षं लॅरी ओजी यांनी केली. उघडपणे कच्चं असलेलं तिथेच परत जातं, बाकीचं मंडळापुढे येतं. मंडळाचा निकाल होकाराचा असो वा नकाराचा, कारणांसकट सगळ्यांना वाचायला खुला राहतो.

परीक्षक नेमकं काय तोलतात हे कळायला आधी मूळ संगीत कशात बसवलेलं होतं ते पाहायला हवं. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ, त्यातली चित्रं, नियम, शत्रू आणि कोजी कोंडो यांचं सगळं संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये मावला होता. तो ज्या कन्सोलवर चालायचा त्याच्या ध्वनिचिपमध्ये पाच मार्ग होते. दोन चौकोनी लहरींचे, ज्यांवर सहसा चाल आणि तिची जोड वाजायची. एक त्रिकोणी लहरीचा, ज्याचा आवाज लहानमोठा करण्याची सोय नव्हती, तो बहुतेकदा बेस सांभाळायचा. एक नुसत्या खरखरीचा, ज्यातून ड्रम निघायचे, आणि पाचवा अगदी छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवण्यापुरता. त्यातही खेळाडूने उडी मारली की तिचा आवाज एक मार्ग क्षणभर हिसकावून घ्यायचा. १९९०मध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉम या पुढच्या कन्सोलमध्ये आठ मार्ग आणि आवाजासाठी ६४ किलोबाइट मेमरी मिळाली. त्या ६४मध्ये वाद्यांचे नमुने, चाली आणि प्रतिध्वनी हे सगळं कोंबायचं. ‘डाँकी काँग कंट्री’साठी डेव्हिड वाइज यांनी पाण्याखालच्या भागाचं जे संगीत १९९४मध्ये केलं, ते ऐकताना एवढ्याशा जागेत हा विस्तीर्ण आवाज कसा उभा राहिला याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात ज्यांच्या घरी ‘टीव्ही गेम’ आला, त्यांच्या कानात या पाच मार्गांचं संगीत पक्कं बसलेलं आहे, मग त्यांना कोंडो यांचं नाव ठाऊक असो वा नसो. तो बहुधा निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल असलेला स्वस्तातला डबा असायचा आणि शेकडो खेळांचा दावा करणारी कॅसेट त्यात खोचली जायची. ‘कॉन्ट्रा’च्या जंगलातली चाल पुण्यातल्या, सांगलीतल्या, मडगावातल्या मुलांनी जितक्या वेळा ऐकली असेल तितक्या वेळा एखादं चित्रपटगीतही ऐकलं नसेल. कारण पातळी ओलांडेपर्यंत ती थांबतच नव्हती.

हे न थांबणं महत्त्वाचं आहे. खेळाचं संगीत चक्रात फिरण्यासाठी लिहिलेलं असतं. मारिओची जमिनीवरची चाल साधारण दीड मिनिटाची. ती संपते तिथून पुन्हा सुरू होते, आणि तो सांधा कानाला लागू नये हीच संगीतकाराची कसोटी. अशा चालीला शेवट नसतो, चढती कमान नसते. नव्याने बांधणाऱ्याला आरंभ शोधावा लागतो, कुठे ताणायचं, कुठे मोकळं सोडायचं ते ठरवावं लागतं आणि जिला संपायचं नाही अशा चालीला संपवावं लागतं. म्हणून निकालपत्रांत शेवटाबद्दल इतकं लिहिलेलं आढळतं. आवाज हळूहळू बारीक करत विरून जाणं परीक्षकांना क्वचितच रुचतं, आणि मला त्यांचं पटतं. मूळ संगीतकाराला शेवट करायचाच नव्हता. तुम्हाला तो करायला मिळाला, आणि ती संधी तुम्ही सोडून दिलीत.

नाकारण्याची कारणं ढोबळपणे दोन टोकांची. एका टोकाला गाणं मूळ चालीला फार चिकटून असतं. चाल तीच, स्वरसंगती तीच, क्रम तोच, फक्त चौकोनी लहरींच्या जागी व्हायोलिन आणि खाली ड्रमचा तयार तुकडा. खेळातून काढलेली मिडी फाइल उघडून तिच्या प्रत्येक मार्गाला चांगलं वाद्य लावलं की ऐकायला सुखद काहीतरी तयार होतं, पण त्यात बांधणाऱ्याचा विचार शून्य. मंडळाच्या नियमांत हे स्पष्टपणे बाद आहे. परीक्षकांच्या बोलीत याला ‘कन्झर्व्हेटिव्ह’ म्हणतात आणि नवोदितांची बहुतेक गाणी इथेच पडतात. साहजिकच आहे. ज्या चालीवर जीव जडला तिला हात लावण्याची हिंमत होत नाही.

दुसऱ्या टोकाला, बोलीत ‘लिबरल’. इथे बांधणारा इतका दूर जातो की मूळ चालीचा नुसता उल्लेख उरतो. सुरुवातीला चार स्वर, शेवटी तेच चार स्वर आणि मध्ये साडेतीन मिनिटं त्याची स्वतःची रचना. ती सुंदर असू शकते. कित्येकदा असतेच. निकालपत्रात परीक्षक तसं मोकळेपणाने म्हणतो, आणि तरीही खाली ‘नाही’ लिहितो, कारण नियम म्हणतो की मूळ चाल ओळखू यायला हवी आणि तिचंच वर्चस्व हवं. वर्चस्व म्हणजे किती, या प्रश्नाला परीक्षकांनी व्यवहारात उत्तर काढलं: निम्म्याहून अधिक. म्हणून ती मिनिटं-सेकंदांची उतरंड.

हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या कानाला ही मोजणी आधी विचित्र वाटते. ख्यालात बंदिश दोन ओळींची. गवई तासभर गातो, मुखडा अधूनमधून समेवर येऊन जातो, आणि बंदिशीचे शब्द एकूण किती सेकंद उच्चारले गेले हे कुणीही मोजत नाही. कारण तिथे बंदिशीच्या बाहेर पडलं तरी गवई रागाच्या आत असतो. कुठला स्वर कसा लागावा, कुठे थांबावं, हे राग सांगतो, आणि श्रोत्याला ते ठाऊक असतं. गेमच्या चालीमागे असा राग नाही. तिच्यामागे दुसरा कुठलाही करार नाही. बांधणारा चालीतून बाहेर पडला की तो कुठेही असू शकतो. मग ‘हे अजूनही त्याच चालीचं गाणं आहे’ असं म्हणायला आधार उरतो फक्त त्या चालीच्या प्रत्यक्ष खुणांचा. त्या खुणा मोजल्या नाहीत तर वाद केवळ आवडीनिवडीचा होतो. हे लक्षात आल्यापासून घड्याळ लावून ऐकणाऱ्या या माणसांबद्दलचा माझा आदर वाढला.

शिवाय मोजणी वाटते तितकी यांत्रिक नाही. समजा गाणं चार मिनिटांचं, म्हणजे २४० सेकंदांचं आहे. एका परीक्षकाला मूळ चाल पाच ठिकाणी सापडली: ३३, ३०, २८, २५ आणि १४ सेकंद. बेरीज १३०, म्हणजे ५४ टक्के. पास. दुसरा म्हणतो, त्यातल्या ३० सेकंदांत फक्त बेस मूळचा आहे, वर वाजतंय ते सगळं नवं, आणि श्रोत्याचं लक्ष वरच्या सुरावटीकडेच आहे. त्याच्या लेखी १०० सेकंद, म्हणजे ४२ टक्क्यांपेक्षा किंचित कमी. नापास. गाणं तेच, कान दोन्ही तयार, आणि निर्णय त्या तीस सेकंदांच्या बेसवर येऊन ठेपतो. आता प्रश्न असा की बेस म्हणजे चाल आहे का?

याला एक उत्तर नाही आणि खरी गोडी इथेच आहे. मारिओच्या भुयारातली चाल घ्या. तिच्यात वरची सुरावट अशी नाहीच. जोडीजोडीने उड्या मारणारे खोल स्वर, मग शांतता, पुन्हा ते स्वर. तिथे बेस हीच चाल. नव्या गाण्यात ते स्वर खाली चालू असतील तर कुणीही दोन सेकंदांत ओळखेल, आणि परीक्षक ते मोजणीत धरेल. याउलट पुष्कळ खेळांत बेस फक्त कॉर्डचा पायाचा स्वर धरून राहतो. तो हजार गाण्यांत सारखाच असतो. स्वरसंगतीचंही तसंच. चार कॉर्डचा एखादा क्रम मूळ चालीत आहे आणि तुमच्या गाण्यातही आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण तो क्रम जगातल्या निम्म्या पॉप गाण्यांत असतो. पण तो क्रम चमत्कारिक, सहसा न भेटणारा असेल तर तीच खूण ठरते.

आणि मूळ संगीतातच सुरावट नसेल तर? १९९४चा ‘सुपर मेट्रॉइड’ अशांपैकी. केंजी यामामोटो आणि मिनाको हामानो यांनी त्या खेळासाठी जे केलं त्यातला बराच भाग म्हणजे गुहेचा, दमट भिंतींचा, दूरवरच्या यंत्रांचा माहोल. गुणगुणावं असं त्यात फार थोडं. त्यावर नवं गाणं बांधायचं तर कशाला धरून? ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सच्या मंडळींनी आपला पहिला अल्बम, ‘रेलिक्स ऑफ द चोझो’, २००३मध्ये काढला तो नेमका याच खेळावर. सगळ्यात निसरड्या जागेपासून सुरुवात केली याचं मला फार कौतुक आहे.

आणखी एक गाठ ‘टेट्रिस’ची. गेम बॉयवरच्या १९८९च्या टेट्रिसमधली जगप्रसिद्ध चाल मुळात ‘कोरोबेयनिकी’ हे रशियन लोकगीत. खेळासाठी तिची बांधणी केली हिरोकाझू तानाका यांनी. कुणी गिटारवर ती वाजवली तर त्याने तानाकांच्या बांधणीचा माग घेतला की थेट लोकगीताचा? ऐकणारा ‘टेट्रिस’ म्हणणार हे नक्की. मला विचाराल तर परीक्षकाने अशा वेळी तानाकांच्या बांधणीतल्या खास गोष्टी शोधाव्यात. खालच्या आवाजाची चाल, दोन भागांमधला सांधा. त्या सापडल्या तरच ते गेमच्या संगीताचं गाणं.

टक्केवारीत पास झालेलं गाणंही आवाजाच्या बांधणीवर पडू शकतं. संगणकावर बसवलेल्या प्रत्येक स्वराला जोर असतो, त्याला ‘व्हेलॉसिटी’ म्हणतात. नवशिका ती सगळीकडे सारखीच ठेवतो आणि पियानो टाइपरायटरसारखा ठोकळा वाजतो. खालच्या आणि मधल्या पट्ट्यांत वाद्यांची गर्दी झाली की सगळं गढूळ होतं. कॉम्प्रेशनचा अतिरेक झाला की प्रत्येक ठोक्याला बाकीचं संगीत दबतं आणि पुन्हा वर येतं. परीक्षक हे सगळं सेकंदासकट दाखवतो. इथे एक शंका माझ्या मनात बराच काळ होती. चांगल्या ऑर्केस्ट्राचे ध्वनिनमुने महाग असतात. मग ही कसोटी श्रीमंताच्या बाजूने झुकत नाही का? थोडी झुकतेच. पण पुष्कळ निकालपत्रं वाचल्यावर दिसतं की परीक्षक वाद्य महागडं आहे की नाही याला फार महत्त्व देत नाहीत. त्याच्याकडून काय काढलं, हे पाहतात. साध्या फुकट मिळणाऱ्या सिंथेसायझरवर नेटकं काम केलेलं गाणं सहज पुढे जातं. भारी व्हायोलिनचे नमुने घेऊन त्यांच्याकडून जिवंत वादकाला जमणार नाही असं वाजवून घेतलेलं गाणं परत येतं.

सर्वात अवघड जात म्हणजे मेडली. एका खेळातल्या सातआठ आवडत्या चाली एकामागे एक. प्रत्येक चाल ओळखू येते, टक्केवारी शंभराजवळ पोचते आणि तरी गाणं उभं राहत नाही, कारण एका चालीतून दुसरीत जाण्याचं कारणच त्यात नसतं. परीक्षकांनी याला आजाराचं नाव दिलंय, ‘मेडलीआयटिस’. मोजणीने जे सुटत नाही ते इथे ऐकून सोडवावं लागतं आणि इथलं लेखन मला सगळ्यांत वाचनीय वाटतं. दुसरी चाल पहिलीतून निघाली असं वाटायला काय हवं होतं, कोणता स्वर दोघींत सामाईक होता आणि तो बांधणाऱ्याला दिसला कसा नाही, हे परीक्षक उलगडून दाखवतो. संगीताच्या शिक्षणात ज्याला पैसे पडतात ते ज्ञान इथे नकारासोबत मिळतं.

या पद्धतीला विरोधही पहिल्यापासून झाला. जेक कॉफमन या तरुण संगीतकाराने ‘व्हीजीमिक्स’ हे संकेतस्थळ उभारलं तेव्हा त्यात परीक्षकच ठेवले नाहीत. कुणीही गाणं लावावं आणि सगळ्यांनी एकमेकांच्या गाण्यांवर लिहावं. दाराशी बसून आत कोण येणार हे ठरवणारी माणसं संगीताला जाचक ठरतात, हा त्यामागचा विचार होता, आणि तो पोकळ नव्हता. मंडळाच्या नियमात न बसणारी कितीतरी धाडसी गाणी तिथे आली. पण व्हीजीमिक्स टिकलं नाही. कॉफमन पुढे ‘शोव्हेल नाइट’ (२०१४) आणि ‘शान्ते’ मालिकेचा संगीतकार म्हणून जगभर पोचला.

मधली वाट ‘ड्वेलिंग ऑफ ड्युअल्स’ या मासिक स्पर्धेने धरली. २००३पासून दर महिन्याला एक विषय, त्या विषयात बसणाऱ्या खेळांचं संगीत आणि एक अट: निदान एक वाद्य खऱ्या माणसाने वाजवलेलं, ठळकपणे ऐकू येणारं. मत श्रोते देतात आणि मतदान चालू असेपर्यंत गाण्यावर बांधणाऱ्याचं नाव नसतं. महिन्याची मुदत माणसाला काम संपवायला लावते, आणि काम संपवणं हीच नवोदिताची मोठी अडचण असते. पण इथे निकाल क्रमांकाने लागतो. अकरावं आलेलं गाणं अकरावं का आलं हे तुम्हाला कुणी पानभर लिहून सांगेलच असं नाही.

आणि जिथे परीक्षक अजिबातच नाही असं एक प्रचंड जग जपानमध्ये आहे. ‘झुन’ या नावाने ओळखला जाणारा एक माणूस ‘तोहो’ मालिकेतले खेळ एकट्याने बनवतो, त्यांचं संगीतही स्वतःच करतो आणि चाहत्यांना त्यावर काम करायला मोठी मोकळीक देतो. त्यातून तिथे चाहत्यांच्या गटांनी काढलेल्या अल्बमांची बाजारपेठ उभी राहिली. कॉमिकेटसारख्या मेळ्यांत ते टेबलं मांडून विकले जातात. १९९८च्या खेळातली ‘बॅड अॅपल’ ही चाल अल्स्ट्रोमेरिया रेकॉर्ड्स या गटाने २००७मध्ये नव्याने बांधली, तिला गायिकेचा आवाज मिळाला, दोन वर्षांनी तिच्यावर काळ्या-पांढऱ्या सावल्यांचा व्हिडिओ आला आणि ती जगभर पोचली. मूळ चाल आणि हे गाणं शेजारीशेजारी ऐकून पाहा. अमेरिकेतल्या कुठल्याही परीक्षकाने त्याला डोळे झाकून होकार दिला असता असं मला वाटतं. पण तिथे तो होकार मागायची कुणाला गरजच पडली नाही. मेळ्यात आलेल्या माणसाने डिस्क उचलली की काम झालं.

मग मंडळाची गरज काय, असं विचारणाऱ्याला मी आधी कॅपकॉमचं उदाहरण देतो. ‘स्ट्रीट फायटर टू’चं मूळ संगीत मुख्यतः योको शिमोमुरा यांचं. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सच्या लोकांनी त्या मालिकेवर २००६मध्ये ‘ब्लड ऑन द अॅस्फाल्ट’ हा अल्बम केला. कॅपकॉमने तो ऐकला, आणि २००८मध्ये ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो एचडी रीमिक्स’ हा अधिकृत खेळ बाजारात आला तेव्हा त्याचं सगळं संगीत या चाहत्यांनी बांधलेलं होतं. नोबुओ उएमात्सु यांच्या ‘फायनल फँटसी सिक्स’वरचा ‘बॅलन्स अँड रुइन’ हा अल्बम २०१३मध्ये पूर्ण झाला: पाच डिस्क, ७४ गाणी. त्याआधी डिस्क छापण्यासाठी चाहत्यांकडून वर्गणी गोळा करायला सुरुवात झाली होती आणि स्क्वेअर एनिक्सच्या हरकतीमुळे मोहीम थांबवावी लागली. बोलणी झाली, मोहीम परत सुरू झाली आणि दीड लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली. अल्बम उतरवून घ्यायला अर्थात विनामूल्यच ठेवला. याच वर्तुळात गाणी बांधत मोठा झालेला डॅनी बारानोव्स्की पुढे ‘सुपर मीट बॉय’ आणि ‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’चा संगीतकार झाला.

एप्रिल २०२२मध्ये तर ग्रॅमीच्या व्यासपीठावर हे काम पोचलं. १९९६च्या ‘कर्बी सुपर स्टार’मधल्या चालीवर चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन यांनी केलेली ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’ ही बिग बँडची बांधणी सर्वोत्कृष्ट वाद्य अथवा अ कॅपेला अरेंजमेंट ठरली. ती ‘द एट-बिट बिग बँड’ने वाजवली आहे. ब्रासची वाद्यं मूळ चाल एकमेकांकडे फेकतात, ताल मध्येच उलटतो, आणि एवढं होऊनही चाल एकदाही हरवत नाही. पण ग्रॅमी फक्त नाव जाहीर करते. मतदारांना त्या बांधणीत काय ऐकू आलं, कुणाला काय खटकलं, उरलेल्या चार नामांकित बांधण्या कशात कमी पडल्या, याचं एक वाक्यही कुठे मिळत नाही. एका शाळकरी मुलाच्या पहिल्या प्रयत्नाला मिळणारं उत्तर त्या मानाने कितीतरी सविस्तर असतं.

मंडळाचे दोष मोठे आहेत आणि ते लपलेलेही नाहीत. महिनोन्‌महिने रांग हलत नाही. गाणं पाठवणारा मधल्या काळात पुढे शिकून जातो आणि जुन्या गाण्याचा निकाल त्याच्या आताच्या कामाला लागूच पडत नाही. पट्टी वर चढत गेली आहे. पहिल्या वर्षांतली बरीच स्वीकृत गाणी आज पाठवली तर परत येतील, आणि नव्या माणसाला ते अन्यायाचं वाटलं तर चूक त्याची नाही. रॉक आणि ऑर्केस्ट्रा परीक्षकांना चटकन कळतो; नुसत्या आवाजाच्या पोतावर चालणारं, चाल चिरून पुन्हा जोडणारं इलेक्ट्रॉनिक संगीत घड्याळाच्या मोजणीत कायम अडचणीत येतं. अशा गाण्यात मूळ चाल कणाकणाने सगळीकडे विखुरलेली असते आणि सलग तीन सेकंदंही सापडत नाही. मला वाटतं मंडळाने इथे टक्केवारी बाजूला ठेवून, हे कण काढून घेतले तर गाण्यात काय उरेल, असा प्रश्न विचारावा. काही परीक्षक तो विचारतातही, आणि त्यांचे सहकारी त्यांना आकडे दाखवतात.

‘होय’ आणि ‘नाही’च्या मध्ये एक तिसरा निकाल आहे: ‘नाही, पण पुन्हा पाठवा’. तो मिळालेला माणूस निकालपत्र समोर ठेवून बसतो. गढूळ पट्टी साफ करतो, उधार वाटणारा मधला भाग मूळ चालीशी जोडतो, ड्रमचा एकेक ठोका हाताने कमीजास्त करतो. गाणं परत येतं आणि जुनं निकालपत्र शेजारी ठेवून ऐकलं जातं. सुचवलेलं सगळं त्याने मानलं नसेल, तर मानलं नाही ते बरं झालं की वाईट, यावरही परीक्षक लिहितो. मतं फुटली तर ती तशीच नोंदली जातात. गाणं स्वीकारलं गेल्यावरही ‘नाही’ म्हणणाऱ्या परीक्षकाचा मजकूर काढून टाकत नाहीत. त्याने मोजलेले सेकंद, त्याला न पटलेला बेस आणि त्याचा नकार ‘होय’ म्हणणाऱ्यांच्या शेजारी कुणालाही वाचता येईल असा राहतो.